हर्षलच्या पोटातला गरम बर्फ

मराठी पंचांगात आणि पत्रिकेत 'हर्षल' नावाचा एक ग्रह असतो. शाळेच्या पुस्तकात तोच 'युरेनस' होतो आणि हिंदी बातम्यांत 'अरुण'. या तिन्हींत आपल्याकडचं नाव सगळ्यांत गमतीचं, कारण ते ग्रहाचं नाहीच, तो शोधणाऱ्या माणसाचं आहे. विल्यम हर्शल हा मूळचा जर्मन, पेशानं संगीतकार, राहायला इंग्लंडातल्या बाथ गावी. १३ मार्च १७८१ च्या रात्री घराच्या बागेत स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून आकाश न्याहाळताना त्याला ताऱ्यासारखा टोकदार न दिसणारा, किंचित पसरट ठिपका दिसला. आधी त्याला तो धूमकेतू वाटला. ग्रह आहे हे ठरल्यावर त्यानं राजे तिसरे जॉर्ज यांचं नाव द्यायचा घाट घातला. इंग्लंडबाहेर कोणाला ते रुचलं नाही आणि योहान बोडे या जर्मन खगोलतज्ज्ञानं सुचवलेलं 'युरेनस' टिकलं. आपल्या पंचांगकर्त्यांनी मात्र माणसाचंच नाव धरून ठेवलं. मीही इथे हर्षलच म्हणणार आहे.

फसवं नाव हे नाही. फसवं आहे ते त्याच्या जातीचं नाव. हर्षल आणि नेपच्यून यांना इंग्रजीत 'आइस जायंट' म्हणतात, मराठीत 'बर्फाळ महाग्रह'. हे ऐकलं की डोळ्यांसमोर येतो तो बर्फाचा एक प्रचंड गोळा, गोठलेला, कडक, कदाचित पांढरा. यातलं थंडीचं तेवढं बरोबर आहे, आणि तेही फक्त वरच्या थरापुरतं. हर्षलच्या वातावरणात उणे २२४ अंश सेल्सिअसपर्यंत खाली गेलेलं तापमान नोंदलं गेलंय. सूर्यमालेतल्या कुठल्याही ग्रहाच्या वातावरणात याहून कमी तापमान मोजलेलं नाही, सूर्यापासून दीडपट लांब असलेल्या नेपच्यूनवरसुद्धा नाही. पण आत जा, आणि तिथला 'बर्फ' हजारो अंशांवर तापलेला आहे. तो गोठलेला नाही, गार नाही, पांढराही नाही.

मग त्याला बर्फ का म्हणायचं? कारण खगोलशास्त्रज्ञांची भाषा. सोनाराच्या दुकानात 'खडा' म्हणजे रस्त्यावरचा खडा नसतो, तसंच हे. पाणी, अमोनिया आणि मिथेन या तीन पदार्थांना ते सरसकट 'बर्फ' म्हणतात, मग ते घन असोत, द्रव असोत की वायू. याचं मूळ ग्रहांच्या जन्मकाळात आहे. सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी कोवळ्या सूर्याभोवती वायू आणि धुळीची चकती फिरत होती. सूर्याजवळ इतकं गरम की पाण्याची वाफच राहायची; ठरावीक अंतरापलीकडे मात्र तिचे हिमकण व्हायचे, आणखी पुढे अमोनिया आणि मिथेनही गोठायचे. हर्षल ज्या मालातून बनला त्यात हे कण भरपूर होते. म्हणजे 'बर्फ' हे त्याच्या कच्च्या मालाचं नाव आहे, आजच्या स्थितीचं नाही. गव्हाच्या शिऱ्याला कोणी 'गहू' म्हणत राहावं, तसा प्रकार.

गुरू आणि शनी यांच्याशी याची तुलना केली की जात वेगळी का मानतात ते कळतं. ते दोघे बहुतांशी हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत, म्हणून त्यांना वायुमहाग्रह म्हणतात. हर्षलचं वस्तुमान पृथ्वीच्या साडेचौदापट. त्यात हायड्रोजन-हेलियमचा वाटा एक ते तीन पृथ्वींइतकाच, बाकी सगळा जड ऐवज. प्रचलित समजूत अशी की त्याचा गाभा हळूहळू वाढत होता आणि तो वायू ओढून घेण्याइतका दणकट होईपर्यंत चकतीतला वायू संपत आला होता. पंगत उठल्यावर पोचलेला पाहुणा. भातावरच भागवावं लागलं.

आकाराचा अंदाज घ्यायचा तर हर्षलचा व्यास ५१,११८ किलोमीटर आहे, म्हणजे पृथ्वीच्या चौपट; आत त्रेसष्ट पृथ्वी मावतील. घनता पाण्याच्या १.२७ पट. यात एक छान गंमत लपली आहे. साडेचौदापट वस्तुमान म्हटल्यावर वाटतं की तिथे माणूस स्वतःच्या वजनाखाली दबून जाईल. पण गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गानं कमी होतं, आणि इथे केंद्रापासूनचं अंतर चौपट, म्हणजे भागाकार सोळानं. साडेचौदा भागिले सोळा, सुमारे ०.९. पृथ्वीवर ६० किलो भरणारा माणूस हर्षलच्या ढगांवर ५४ किलो भरेल. अर्थात तो तिथे उभा राहू शकला तर. कारण उभं राहायला तिथे काहीच नाही.

हे 'काहीच नाही' नीट समजून घेण्यासारखं आहे. वरून खाली उतरायला लागलो तर आधी लागतो धुक्याचा थर. वातावरणात ढोबळमानानं ८३ टक्के हायड्रोजन, १५ टक्के हेलियम आणि २ टक्क्यांच्या आसपास मिथेन. प्रमाणानं नगण्य वाटणारा हा मिथेनच ग्रहाला रंग देतो: तो सूर्यप्रकाशातला तांबडा भाग गिळतो आणि उरलेला निळसर-हिरवा परत फिरतो. त्याखाली ढग. ते कशाचे आहेत यावर बरीच वर्षं वाद होता. २०१८ मध्ये हवाई बेटावरच्या जेमिनी दुर्बिणीनं ढगांच्या माथ्यावर हायड्रोजन सल्फाइड वायू पकडला. कुजक्या अंड्याला ज्याचा वास येतो तोच हा वायू. पत्रिकेत मोठा भारदस्त दिसणारा हर्षल प्रत्यक्षात घाण वास मारतो.

ढगांच्या खाली दाब आणि तापमान दोन्ही चढत जातात. गणितं सांगतात की सुमारे ३०० किलोमीटर उतरल्यावर तापमान ४७ अंशांच्या आसपास असेल, मे महिन्यातल्या चंद्रपूरइतकं. पण तिथला दाब आपल्या हवेच्या शंभरपट, म्हणजे समुद्रात एक किलोमीटर खोल गेल्यावर लागतो तेवढा. अजून खाली समुद्र लागेल, लाटा दिसतील, असं वाटत असेल तर तेही नाही. पाणी ३७४ अंशांच्या वर तापलं आणि दाबही पुरेसा असला की वाफ कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं ही सीमाच पुसली जाते. हर्षलमध्ये हळूहळू दाट होत जाणारा वायू कधी द्रवासारखा वागू लागतो हे कुठल्याही एका जागी बोट ठेवून सांगता येणार नाही. पृष्ठभाग नाही, किनारा नाही.

इथे कुकर आठवावा. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांवर उकळतं, पण कुकरचं झाकण लावलं की दाबामुळे ते १२० अंशांपर्यंत द्रवच राहतं. कुकरमध्ये दाब असतो जेमतेम दुप्पट. हर्षलच्या अंतर्भागात तो लाखो पट आहे; अगदी केंद्राशी सुमारे ८० लाख पट, आणि तापमान अंदाजे ५,००० अंश, सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळपास जाणारं. एवढ्या दाबाखाली पाण्याचे रेणू आपल्या ओळखीचे राहतच नाहीत.

त्यातल्या एका अवस्थेला शास्त्रज्ञ 'सुपरआयनिक' पाणी म्हणतात. त्यात ऑक्सिजनचे अणू घन पदार्थासारखे आपापल्या जागी ठाम बसतात आणि हायड्रोजनचे आयन त्यांच्या मधून द्रवासारखे वाहत राहतात. मुंबईच्या लोकलचा डबा डोळ्यांसमोर आणा: बाकांवरची माणसं हलत नाहीत, आणि कानातल्यांचे, लसणीच्या पिशव्यांचे फेरीवाले त्यांच्यामधून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत असतात. डबा एकाच वेळी घनही आणि वाहताही. फिरणारे आयन विद्युतभारित असल्यामुळे हा पदार्थ वीज वाहून नेतो. ही अवस्था आधी फक्त गणितात होती. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या गटानं पाणी शक्तिशाली लेझरच्या धक्क्यानं दाबून तिचे पुरावे मिळवले, आणि पुढच्याच वर्षी क्ष-किरणांनी तिची स्फटिकरचना पाहिली. हा बर्फ पारदर्शक नसतो, काळा असतो.

मिथेनचं काय होतं याचीही एक भन्नाट कथा आहे, आणि ती तुम्ही कुठे ना कुठे वाचलीच असेल: हर्षलवर हिऱ्यांचा पाऊस पडतो म्हणे. यात तथ्य किती? मिथेनमध्ये कार्बन आहे. प्रचंड दाबात हायड्रोजन सुटा झाला तर उरलेल्या कार्बनचे हिरे व्हावेत, हा तर्क जुना आहे. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत पॉलिस्टायरीनवर लेझरचे दोन धक्के दिले गेले. पॉलिस्टायरीन म्हणजे ज्याचा फुगवून थर्माकोल करतात ते प्लास्टिक. मिथेनसारखंच कार्बन आणि हायड्रोजनचं. दाब वातावरणाच्या १५ लाख पट गेला आणि क्षणाच्या अतिसूक्ष्म अंशासाठी खरोखरच हिऱ्याचे कण तयार झालेले दिसले. २०२२ मध्ये पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक घेऊन, म्हणजे त्यात ऑक्सिजनही आणून, पुन्हा तेच केलं. हिरे आणखी सहज बनले. ते सगळे डोळ्यांना न दिसणाऱ्या आकाराचे. हर्षलच्या आत हजारो किलोमीटर खोलवर हे घडत असावं आणि हिरे खाली झिरपत जात असावेत असं मानायला ही चांगली जागा आहे. पण तिथे पाऊस 'दिसलेला' नाही. प्रयोगशाळेत थर्माकोलचे हिरे झाले आणि बातमीत हर्षलवर पाऊस पडला, एवढंच.

या गरम, वीजवाहक पदार्थाचा एक पुरावा मात्र बाहेरून मोजता येतो: चुंबकत्व. आणि हर्षलचं चुंबकत्व पाहून शास्त्रज्ञ चक्रावले. पृथ्वीचा चुंबकीय अक्ष तिच्या फिरण्याच्या अक्षाशी साधारण ११ अंशांचा कोन करतो. हर्षलचा ५९ अंशांचा. पृथ्वीवर तसं असतं तर होकायंत्राचा उत्तर ध्रुव जालंधरच्या अक्षांशावर आला असता. शिवाय हर्षलचं चुंबक ग्रहाच्या मध्यातून जात नाही, त्रिज्येच्या जवळजवळ एक तृतीयांश अंतर बाजूला सरकलेलं आहे. पृथ्वीचं चुंबकत्व खोल गाभ्यातल्या वितळलेल्या लोखंडातून येतं. हर्षलमध्ये ते बहुधा गाभ्यातून येत नाही, वरच्या भागातल्या पाणीयुक्त, वीजवाहक थराच्या ढवळण्यातून येतं, आणि त्याखालचा भाग ढवळत नाही. असा पातळ थर घेऊन संगणकावर गणित केलं की नेमकं असं वाकडंतिकडं चुंबकत्व निघतं. खालचा भाग का ढवळत नाही याला २०२४ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या बर्कहार्ड मिलिट्झर यांनी एक उत्तर दिलं: त्या दाबात वर पाण्याचा आणि खाली कार्बनयुक्त पदार्थांचा थर वेगळा होतो, आमटीवर तर्री यावी तसा, आणि दोन्ही मिसळत नाहीत. मला हे उत्तर आवडतं, पण ते अजून तपासायचं आहे.

हे सगळं आपल्याला कळलं कुठून? मुख्यतः एका दिवसातून. हर्षलजवळून आजवर एकच यान गेलं आहे, व्हॉयेजर २, २४ जानेवारी १९८६ रोजी, ढगांपासून ८१,५०० किलोमीटरवरून. चार दिवसांनी चॅलेंजर यानाचा स्फोट झाला आणि हर्षलची बातमी मागे पडली. त्या भेटीतून आलेल्या आकड्यांवर पुढची चाळीस वर्षं पुस्तकं लिहिली गेली. आणि आता कळतंय की दिवस जरा चुकीचा निघाला. २०२४ मध्ये जुने आकडे पुन्हा तपासताना लक्षात आलं की व्हॉयेजर पोचण्याच्या थोडं आधी सौरवाऱ्याचा, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांचा, जोरदार झोत हर्षलवर आदळला होता आणि त्यानं ग्रहाभोवतीचं चुंबकीय कवच चेपलं होतं. तशी स्थिती एरवी फक्त ४ टक्के काळ असते. घराला रंग लावायला काढलेला असताना पाहुणे यावेत आणि त्यांनी गावभर सांगावं की यांच्याकडे भिंतींवर काहीच टांगलेलं नसतं, तसं झालं.

उष्णतेचंही तसंच. गुरू, शनी आणि नेपच्यून हे सूर्याकडून मिळते त्याहून बरीच जास्त ऊर्जा बाहेर टाकतात. नेपच्यून तर अडीचपटीहून जास्त. व्हॉयेजरच्या मोजणीत हर्षल जवळपास मिळालं तेवढंच परत करणारा निघाला, म्हणून तो आतून विझलेला ग्रह ठरला. २०२५ मध्ये दोन स्वतंत्र अभ्यासांनी दाखवलं की तो १२ ते १५ टक्के जास्त ऊर्जा बाहेर टाकतो. अगदी विझलेला नाही, राखेखाली निखारा आहे. तरी नेपच्यूनच्या मानानं इतका थंड का, हा प्रश्न उरतोच.

आता त्याच्या कलण्याकडे येऊ. पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंश कललेला आहे आणि तेवढ्यात आपले सगळे ऋतू भागतात. हर्षल जवळजवळ ९८ अंश कलला आहे, म्हणजे आडवाच पडला आहे. बाकीचे ग्रह भोवऱ्यासारखे फिरतात, हा पाट्यावरच्या वरवंट्यासारखा. पण वरवंट्याची उपमाही अर्धीच खरी. अक्षाची अवकाशातली दिशा बदलत नाही, ग्रह मात्र सूर्याभोवती जागा बदलत राहतो. त्यामुळे एक ध्रुव सूर्याकडे रोखलेला असतो तेव्हा तो वरवंट्यासारखा लोळत पुढे जातो, आणि कक्षेचा पाव भाग ओलांडला की तोच सुताराच्या गिरमिटासारखा टोक पुढे करून गिरक्या घेत जातो.

सूर्याभोवतीची एक फेरी ८४ वर्षांची. सहस्रचंद्रदर्शन झालेल्या आजोबांनी वर आणखी तीन वर्षं काढली की त्यांचं हर्षलच्या हिशेबात एक वर्ष भरतं. शोध लागल्यापासून त्याच्या दोनच फेऱ्या पूर्ण झाल्या आहेत, तिसरी २०३३ मध्ये होईल. ध्रुवावर सुमारे ४२ वर्षं सलग दिवस आणि ४२ वर्षं सलग रात्र. १९८६ मध्ये दक्षिण ध्रुव सूर्यासमोर होता, २००७ मध्ये सूर्य विषुववृत्तावर आला, आणि २०३० मध्ये उत्तर ध्रुवाचा भर उन्हाळा असेल. उन्हाळा म्हणजे नावालाच: सूर्य २८७ कोटी किलोमीटर लांब, प्रकाश पोचायला २ तास ४० मिनिटं, आणि ऊन आपल्या उन्हाच्या ३७० व्या हिश्शाइतकं. तरी मिट्ट अंधार नाही. एवढा उजेड सुमारे हजार पौर्णिमांचा होतो, म्हणजे तिथली प्रत्येक दुपार एका अर्थी सहस्रचंद्रदर्शनच.

'दिवस' किती मोठा, हेही सरळ नाही. खूण धरायला पृष्ठभागच नाही, आणि ढगांवरचे वारे ताशी ९०० किलोमीटरपर्यंत वाहतात, त्यांच्यावर काय विसंबणार? म्हणून चुंबकीय क्षेत्राची फेरी मोजतात. व्हॉयेजरनं ती १७ तास १४ मिनिटं आणि वर काही सेकंद अशी मोजली. २०२५ मध्ये हबल दुर्बिणीच्या अकरा वर्षांच्या ध्रुवीय प्रकाशाच्या नोंदींवरून ती १७ तास १४ मिनिटं ५२ सेकंद निघाली, २८ सेकंदांनी जास्त. क्षुल्लक वाटतं, पण रोजची ही चूक साचत जाते. व्हॉयेजरनंतर काही वर्षांतच हर्षलचे चुंबकीय ध्रुव नेमके कुठे आहेत हे सांगता येईनासं झालं होतं.

तो आडवा का पडला? सर्वांत लोकप्रिय उत्तर धडकेचं. २०१८ मधल्या डरहम विद्यापीठाच्या संगणकीय अभ्यासात पृथ्वीच्या किमान दुप्पट वस्तुमानाचा एक गोळा कोवळ्या हर्षलवर तिरका आदळला असावा असं निघालं. पण त्याचे चंद्रही त्याच्यासोबत कललेल्या पातळीतच फिरतात, म्हणजे ते धडकेनंतर जुळून आले असले पाहिजेत. धडकेशिवाय, एखाद्या हरवलेल्या मोठ्या चंद्राच्या ओढीनं अक्ष हळूहळू कलंडला असेल, असंही काहीजण म्हणतात.

शनीसारखी हर्षलभोवतीही कडी आहेत. त्यांच्या शोधात भारताचाही वाटा आहे, म्हणून तो थोडक्यात. १० मार्च १९७७ रोजी हर्षल एका ताऱ्यासमोरून जाणार होता. अमेरिकी खगोलतज्ज्ञ जेम्स एलियट आणि सहकारी त्यासाठी हिंदी महासागरावर विमानातली दुर्बीण घेऊन गेले. ग्रह आड येण्याआधी आणि नंतरही ताऱ्याचा प्रकाश काही क्षण मंदावला, दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरांवर. म्हणजे कडी. त्याच वेळी तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेत जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी यांनीही प्रकाश मंदावल्याची नोंद केली, पण त्यांना तो नवा उपग्रह वाटला. आज तेरा कडी माहीत आहेत, आणि ती शनीसारखी लखलखीत नाहीत, बरीचशी कोळशासारखी काळी आहेत.

मुळात हा ग्रह बर्फाचा आहे का, हेही आता पक्कं राहिलेलं नाही. २०२५ मध्ये झुरिक विद्यापीठातल्या गटानं दाखवलं की त्याचं मोजलेलं गुरुत्वाकर्षण आणि घनता यांच्याशी पाण्यापेक्षा खडक जास्त असलेलं अंतरंगही जुळतं. मग 'बर्फाळ' हे नाव कच्च्या मालापुरतंही खरं राहणार नाही. याचा निकाल लावायला ग्रहाभोवती फिरणारं यान हवं, जे त्याच्या गुरुत्वाकर्षणातले बारीक चढउतार मोजेल, आणि सोबत वातावरणात उतरणारं एक उपकरण. अमेरिकेच्या ग्रहशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये पुढच्या दहा वर्षांसाठी ज्या मोठ्या मोहिमेला पहिली पसंती दिली ती हीच.

ते जाईपर्यंत द्विनेत्री (बायनॉक्युलर) घेऊन अंधाऱ्या जागी जावं. हर्षल सध्या वृषभ राशीत आहे. २०२५-२६ च्या हिवाळ्यात कृत्तिकांच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावर. नुसत्या डोळ्यांनी जेमतेम, द्विनेत्रीतून सहज. आणि यान पोचेल तेव्हा हर्षलच्या मिरांडा या चंद्राकडेही नक्की बघेल. १९८६ मध्ये हर्षलचा दक्षिण ध्रुव सूर्यासमोर असल्यानं त्याच्या चंद्रांचेही दक्षिण भागच उजेडात होते. मिरांडावर कित्येक किलोमीटर उंचीचा सरळसोट कडा सापडला तो त्या अर्ध्या भागात. तिच्या उत्तर बाजूचं नीट छायाचित्र अजून एकही नाही.